वैध फाईल ठेवली जात नाही

अकरा नोव्हेंबर. यादीत तेवीस रुग्ण, हयात बावीस.

तेविसावा माणूस दुकानांच्या पाट्या रंगवीत असे. रक्ताच्या एका चिवट आजारासाठी त्याला दर आठवड्याला शिरेतून औषध घ्यावे लागे. औषधाची मात्रा शहराच्या एका टोकाच्या रुग्णालयात ठरे आणि औषध दुसऱ्या टोकाच्या उपचारकेंद्रात दिले जाई. नऊ तारखेच्या सकाळी ते त्याला देण्यात आले. दहा तारखेच्या पहाटे तो घरी, अंथरुणातच गेला. अकरा तारखेला त्याच्या पत्नीने एक दूरध्वनी केला. तो लागला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकक्षात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या टेबलावर. त्या टेबलामागे बसणाऱ्या बाईची ही हकिकत आहे.

तिला घरी कंसमावशी म्हणत. नाव भाचीने ठेवलेले. ही बाई पूर्वी एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. उघडलेला कंस कुठे मिटायचा राहिला आहे, हे पान हातात घेताच तिच्या नजरेस पडे. छापखाना बंद पडल्यावर ओळखीतल्या कुणीतरी तिला या कंपनीत आणले, कारण इथेही काम कंसांचेच होते. भाची तेव्हा शाळेत जात होती. "कृष्णाला कंस मामा होता," ती म्हणाली, "मला कंस मावशी आहे." मोठ्या बहिणीने पोरीला दटावले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. पुढे ते कार्यालयातही पोचले आणि तिथे नुसते 'मावशी' एवढे उरले.

तिचे काम एक्सएमएलशी होते. एक्सएमएल म्हणजे माहिती बांधून पाठवण्याची एक सर्वमान्य रीत. प्रत्येक गोष्टीच्या आधी टोकदार कंसात तिचे नाव लिहायचे, मग ती गोष्ट ठेवायची, मग पुन्हा कंसात नाव लिहून ती मिटवायची. रुग्ण उघडा, त्याच्या पोटात मात्रा उघडा, आकडा ठेवा, मात्रा मिटवा, रुग्ण मिटवा. एवढी शिस्त पाळली की एकमेकांचे तोंडही न पाहिलेली दोन यंत्रे एकमेकांची माहिती वाचू शकतात. काय असलेच पाहिजे आणि काय नसले तरी चालेल, हे एका आराखड्यात आधी ठरलेले असते. आराखड्यात बसणारी फाईल वैध. न बसणारी दारातूनच परत. रुग्णालयाचे सॉफ्टवेअर एका कंपनीचे होते, केंद्राचे दुसऱ्या कंपनीचे. दोन्हींच्या माहितीपत्रकांवर 'एक्सएमएल चालते' असे ठसठशीत छापलेले होते. मावशीची कंपनी मधली. लग्न जमवणाऱ्यानेच पुढे संसारातल्या कुरबुरीही निस्तराव्यात, अशी तिच्या कक्षाकडून दोन्ही बाजूंची अपेक्षा असे.

"मदतकक्ष. बोला," ती त्या दिवशी नेहमीसारखी म्हणाली.

"आमच्या ह्यांना परवा औषध किती दिलं, ते सांगाल का?"

"ताई, हा कॉम्प्युटरच्या अडचणींचा नंबर आहे. औषधाचं केंद्रात विचारा."

"विचारलं. ते म्हणाले, पडद्यावर आलं तेवढं दिलं. पडद्यावर कुठून आलं, तर म्हणे हॉस्पिटलातून. हॉस्पिटलवाले म्हणतात, आम्ही बरोबर पाठवलं. मग मधे कोण आहे म्हटलं, तर हा नंबर दिला. मधे तुम्हीच ना?"

"हो. मधे आम्हीच."

"मग सांगा. डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात साठाची मात्रा चाळीसवर आणली होती. हृदयाला झेपत नाही म्हणून. परवा ह्यांना साठ दिलं की चाळीस?"

"आता कसे आहेत ते?"

पलीकडून आवाज आला, पूर्वीइतकाच सरळ. "काल गेले."

"मी बघून सांगते," मावशी म्हणाली.

हे शब्द मदतकक्षात दिवसभर उच्चारले जातात. ते तोंडातून निघतात आणि हवेत विरतात. ऐकणाराही त्यांवर फार विसंबत नाही. पलीकडची बाई मात्र विसंबली. "बरं," ती म्हणाली, "मग मी वाट बघते," आणि तिने आपला पत्ता सावकाश, दोनदा सांगितला.

मावशीने फाईल शोधायला घेतली आणि पहिल्याच पायरीवर अडखळली. फाईल नव्हती. तिने कंपनीच्या मुख्य अभियंत्याला गाठले. त्याला सगळे वैधसाहेब म्हणत, कारण कोणत्याही तक्रारीवर त्याचे पहिले वाक्य ठरलेले होते.

"नऊ तारखेची फाईल? वैध होती," तो म्हणाला.

"ते कशावरून?"

"आपल्याकडे नाही यावरून. वैध नसती तर असती."

"म्हणजे?"

"मावशी, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात! फाईल आराखड्यात बसली की ती पुढे जाते आणि आपल्याकडून पुसली जाते. रुग्णांची खाजगी माहिती आपण कशाला साठवायची? फक्त नाकारलेल्या फायली ठेवतो. का नाकारल्या, हे विचारतात ना लोक."

"आणि का स्वीकारली, हे कुणी विचारलं तर?"

वैधसाहेबाने चष्मा काढून पुसला. माणूस कोडगा नव्हता. प्रश्नच त्याच्या घडणीबाहेरचा होता. "स्वीकारलेल्याबद्दल कोण कशाला विचारेल?"

मावशी जागेवर येऊन बसली. सदोष फाईल वर्षानुवर्षे जपून ठेवायची आणि निर्दोष फाईल पोचल्या क्षणी पुसून टाकायची, हा नियम तिला तोंडपाठ होता. तो विचित्र आहे, असे तिला त्या दिवसापर्यंत वाटले नव्हते. कोणतीही व्यवस्था आपल्या चुकांचे दप्तर ठेवते ते स्वतःच्या व्याख्येतल्या चुकांचे. व्याख्येत न बसणारी चूक तिच्या लेखी घडलेलीच नसते, आणि जे घडलेलेच नाही त्याचा मागमूस ठेवण्याचे कारण तिला उरत नाही.

तिच्या मनात आणखी एक गोष्ट सलत होती. आराखड्यात पूर्वी प्रत्येक मात्रेसोबत तारीख सक्तीची होती. तारीख राहिली की फाईल परत येई, आणि फाईल परत आली की त्या दिवशी केंद्रात आलेला रुग्ण औषधाविना घरी परते. एक म्हातारे गृहस्थ तर शहर ओलांडून लागोपाठ तीन खेपा रिकाम्या हाताने गेले होते. त्यांच्या सुनेने मदतकक्षात फोन करून मावशीची खरडपट्टी काढली होती. त्यानंतरच्या बैठकीत मावशीनेच हात वर केला. "एका तारखेपायी माणसांना उपाशी पाठवल्यासारखं होतंय," ती म्हणाली होती. "तारीख ऐच्छिक करा." सगळ्यांनी माना डोलावल्या. वैधसाहेबाने तिचे कौतुक केले. फायली परत येणे थांबले. तारखा येणेही हळूहळू थांबले, कारण जी गोष्ट ऐच्छिक आहे ती कामाच्या रेट्यात कुणी करीत नाही.

आता तारीख नसताना केंद्राचे सॉफ्टवेअर कोणती मात्रा खरी मानते? रुग्णाची मात्रा बदलली की जुनी आणि नवी दोन्ही पाठवल्या जात, म्हणजे केंद्रातल्या डॉक्टरला मागचे कळावे. दोन आकडे, दोन्ही नीट कंसांत बांधलेले, आणि त्यांतला ताजा कोणता हे सांगणारे काहीच नाही. तिने केंद्राला फोन लावला.

"आम्ही शेवटची धरतो," तिथला तंत्रज्ञ म्हणाला. त्यात विचारण्यासारखे काय आहे, असा त्याचा सूर होता.

"शेवटचीच का?"

"शेवटची म्हणजे नवी. आमच्याकडे कागद मागे मागे लावत जातात. पुठ्ठ्याची फाईल उघडली की जुनं पुढे, नवं सगळ्यात मागे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी विचारलं, तुमची पद्धत काय? आम्ही सांगितली. त्यांनी तशी केली."

"त्या पाटीवाल्या गृहस्थांना नऊ तारखेला किती दिलं, आठवतंय?"

"बाई, सकाळी रांग असते. पडद्यावरचा आकडा बघायचा, पंपाला द्यायचा, पुढचा माणूस. दुसरी फाईल आली की पडद्यावरचा आकडा बदलतो. पंपाला फक्त ह्या क्षणाचं माहीत असतं. कुप्या सगळ्या एकाच मापाच्या, उरलेलं ओतून टाकतो. लिहून ठेवणं बंद झालं. कॉम्प्युटर आला म्हणूनच बंद झालं ना?"

दुसऱ्या दिवशी ती अर्धी रजा टाकून रुग्णालयात गेली. असे करण्याचा मदतकक्षात प्रघात नव्हता. मदत फोनवरून करायची असते. मात्रा ठरवणाऱ्या विभागाचा दरवाजा अर्धा काचेचा होता. आत लोखंडी कपाट, हात धुण्याचे भांडे, आणि भिंतीला खिळ्यांवर ओळीने लटकवलेल्या चिमट्याच्या पाट्या, एकेका रुग्णाची एकेक. विभागाची सिस्टर फोनवर कुणालातरी झापत होती. "तुमची चादर तुम्ही मोजा, माझी मी मोजते!" फोन ठेवून तिने मावशीकडे पाहिले. "तुम्ही मशीनवाल्या ना? प्रिंटर पुन्हा बंद आहे बरं का."

"मी प्रिंटरसाठी नाही आले."

"कुणीच प्रिंटरसाठी येत नाही," सिस्टर म्हणाली, आणि बोलता बोलता डॉक्टरांनी नुकताच दिलेला कागद एका पाटीवर लावू लागली. तिने चिमटा दाबला, नवा कागद सगळ्यांच्या वर ठेवला, चिमटा सोडला. मग ती संगणकाकडे वळली. पडद्यावर त्या रुग्णाची जुनी मात्रा एका ओळीत होती. शेजारी दोन बटणे होती, 'वर जोडा' आणि 'खाली जोडा'. तिने न बघता वरचे दाबले आणि नवा आकडा जुन्याच्या वर भरला.

मावशीने वाकून पडद्यावरचे दोन्ही आकडे पाहिले.

"तुम्ही नेहमी वरच भरता?"

"मग? ताजं ते वर. डॉक्टर राउंडला आले की त्यांना पहिलं दिसायला हवं. खाली लपवून ठेवलं तर माझीच हजेरी घेतील."

फाईल त्याच क्रमाने बांधली जात होती. इथे ताजे ते पहिले. केंद्रात ताजे ते शेवटचे. दोन खोल्यांतल्या दोन साध्या, शहाण्या सवयी, आणि मधे एक रीत, जिने दोन्ही सवयी जशाच्या तशा, अदबीने वाहून नेल्या होत्या. ज्यांची मात्रा कधी बदललीच नव्हती त्यांच्या बाबतीत काही बिघडण्यासारखे नव्हते, म्हणून इतके दिवस काही दिसले नाही. ज्यांची बदलली आणि तारीख राहिली, त्यांना केंद्र जुनी मात्रा देत राहिले असणार. मावशीने तिथूनच, सिस्टरच्या फोनवरून, वैधसाहेबाला सगळे सांगितले. तो सारे ऐकून घेऊन म्हणाला, "पण वैध तर आहे." आणि थोड्या वेळाने, निराळ्या आवाजात, "थांबा. मी केंद्राला सांगतो, आजचं औषध थांबवा."

त्या दिवशी आणखी दोन रुग्ण सापडले. दोघेही जुन्या मात्रेवर होते. दोघेही हयात आहेत. डॉक्टरांनी त्यांना बोलावून तपासले आणि मात्रा सुधारली.

इथे ही हकिकत संपली असती तर ती एका चुकीच्या शोधाची हकिकत झाली असती, आणि मावशीला पाटीवाल्याच्या पत्नीकडे जाऊन एक कठोर पण निश्चित वाक्य सांगता आले असते. निघताना मावशीने केवळ खात्रीसाठी विचारले, "म्हणजे त्या पाटीवाल्यांची चाळीसची मात्रासुद्धा तुम्ही अशीच वर भरली असणार."

"मी नाही," सिस्टर म्हणाली. "तो आठवडा मी रजेवर होते. आई आजारी होती माझी. बदली म्हणून वरच्या मजल्यावरची पोरगी होती."

वरच्या मजल्यावरची पोरगी चाळिशीची निघाली. ती जिन्यातच भेटली, हातात बेडपॅन. "आमच्याकडे नवा कागद खाली लावतात," ती म्हणाली. "वरचा पहिला कागद दाखल झाल्याचा असतो, तो हलवायचा नाही, असा आमच्या बाईंचा दंडक आहे."

"मग खालच्या विभागात असताना तुम्ही आकडा कसा भरलात? वर की खाली?"

तिने बेडपॅन कठड्यावर टेकवले आणि खरोखर आठवण्याचा प्रयत्न केला. "आता इथली पद्धत बघून वर भरला असेल. किंवा हाताच्या सवयीने खाली. कुणी सांगितलं नव्हतं ना काही. बटणं दोन्ही चालतात."

"संगणकात बघता येईल?"

ते त्यांनी मिळून पाहिले. रुग्ण गेला की त्याची नोंद जुन्या दप्तरात हलते, आणि तिथे मात्रा आकड्याच्या चढत्या क्रमाने लावल्या जातात, नीटनेटकेपणासाठी. चाळीस, मग साठ. पोरगीने वर भरले असते तरी हेच दिसले असते आणि खाली भरले असते तरी हेच.

मावशी पायरीवर बसली. पोरगीने वर भरले असेल तर चाळीस पहिले, साठ शेवटचे, आणि केंद्राने साठ दिले. खाली भरले असेल तर चाळीस शेवटचे, आणि केंद्राने बरोबर तेच दिले. म्हणजे दोन उलट्या सवयींनी एकमेकींना खोडून काढले आणि पाटीवाला आपल्या आजारानेच गेला. नंतर डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनीही एवढेच सांगितले, की हृदय इतके थकले होते की चाळीसवरही काही सांगता आले नसते. मावशी डोक्यात सगळी मांडणी उभी करी, आणि शेवटच्या दुव्यापाशी आली की दोन्ही वाटा सारख्याच खऱ्या दिसत. छापखान्यात असे कधी झाले नव्हते. तिथे कंस मिटलेला तरी असे किंवा नसे.

कंपनीत बैठक झाली. रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगितले की त्यांची फाईल आराखड्याबरहुकूम होती. केंद्रवाल्यांनी सांगितले की त्यांनी ती आराखड्याबरहुकूम वाचली. दोघेही खरे बोलत होते. क्रमाला अर्थ आहे असे आराखड्यात कुठेही म्हटलेले नव्हते. क्रमाला अर्थ नाही असेही म्हटलेले नव्हते. 'कोणत्याही पक्षाकडून मानकाचे उल्लंघन झालेले नाही,' असा निष्कर्ष निघाला आणि तारीख पुन्हा सक्तीची करण्यात आली. मावशी उठून म्हणाली, "तारीख ऐच्छिक करा, असं मी म्हटलं होतं." वैधसाहेब घाईने म्हणाला, "ते सर्वानुमते झालं होतं." ते त्याने तिला वाचवण्यासाठी म्हटले, हे तिला कळले. तरी तिला वाचल्यासारखे वाटले नाही. जबाबदारी इतक्यांत वाटली गेली होती की कुणाच्याही वाट्याला हातात धरण्याजोगा तुकडा आला नव्हता, आणि तिला तर तो हवा होता.

घरी तिने बहिणीला आणि भाचीला सांगितले. भाची आता नोकरी करीत होती, आणि मावशीचा जीव टांगणीला लागलेला तिला बघवत नव्हता.

"सांगून टाक ना, चाळीसच दिलं म्हणून," भाची म्हणाली. "त्या बाईचं मन शांत होईल. तुझंही."

"आणि उद्या खरं कळलं म्हणजे?" थोरली बहीण भाजी निवडता निवडता म्हणाली.

"आई, कळणारच नाही! तीच तर अडचण आहे ना!"

"मग अडचणीचा फायदा घ्यायचा होय? वा ग शहाणे."

"फायदा नाही. दया."

"तारीख ऐच्छिक केली तीही दयाच होती," मावशी म्हणाली.

पुढच्या रविवारी ती दिलेल्या पत्त्यावर गेली. मागच्या अंगाला जिना, जिन्याच्या तोंडाशी रंगाचे रिकामे डबे, वर एकच लांब खोली. भिंतीशी पाट्या उभ्या करून ठेवलेल्या. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख होती.

"सगळ्यांवर घालायचे," पत्नी म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणे, तारीख कशाला, उगीच जागा जाते. हे म्हणायचे, रंग कधीपासून उडायला लागला हे कळायला नको?" तिने स्टूल पुढे सरकवले. "बसा. तुम्ही फोनवरच्या बाई. आवाजावरून ओळखलं."

मावशी बसली. काय बोलायचे ते तिने वाटेत जुळवले होते. आता त्यातले एकही वाक्य जागेवर नव्हते.

"आधी मला सांगू दे, मी का विचारतेय," पत्नी म्हणाली. "मला कुणाला कोर्टात खेचायचं नाही. त्या सकाळी हे नको म्हणत होते. अंग जड वाटतंय, पुढच्या खेपेला जाऊ, म्हणाले. मी म्हटलं, लहान मुलासारखं करू नका. मीच त्यांचा सदरा चढवला, मीच गाडीत बसवलं. आत देत होते तेव्हा मी बाहेर बाकावर होते. आता चाळीस दिलं असेल, तर मी माझ्या नवऱ्याला वेळेवर औषधाला नेलं. साठ दिलं असेल, तर..." तिने चहाचे भांडे पुढे ओढले. "तुम्ही सांगा. आणि खोटं सांगायचं असेल तर चहा घ्या आणि जा."

भाचीचे वाक्य मावशीच्या ओठांपर्यंत आले होते. ते तिने गिळले. मग तिने सगळे सांगितले: चिमट्याच्या पाट्या, पुठ्ठ्याची फाईल, दोन बटणे, वरच्या मजल्यावरची बदली परिचारिका, पुसली जाणारी फाईल. तारीख ऐच्छिक करण्याबद्दल बैठकीत कुणी हात वर केला होता, तेही सांगितले.

पत्नी लक्ष देऊन ऐकत होती. "म्हणजे उलटं झालं," ती म्हणाली, "आणि कदाचित उलट्याचं उलटं?"

"हो. किंवा नुसतंच उलटं."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"एक दिवस हे वाटतं, एक दिवस ते. सकाळी वाटतं माझ्यामुळे गेले. मग वाटतं, मी स्वतःला उगाच मोठी करतेय, त्यांचा आजारच होता. मला खरंच समजत नाही, ताई."

"मलाही तसंच होतंय," पत्नी म्हणाली. त्यात दिलासा नव्हता आणि आरोपही नव्हता. एका प्रश्नाच्या दोन टोकांना बसलेल्या दोन स्त्रिया होत्या, आणि एकाच आकड्यावर दोघींचा निवाडा अडलेला होता. तो आकडा त्या सकाळी काही मिनिटे एका पडद्यावर होता, एका माणसाने तो वाचला होता, आणि तो पूर्णपणे वैध होता.

पत्नीने विचारले, "तुम्ही त्या दिवशी फोनवर काय म्हणाला होतात?"

"बघून सांगते, म्हणाले होते."

"बघितलंत?"

"बघितलं."

"मग अजून सांगितलं नाहीत."

"जे आहे ते हेच आहे. आता कुणालाच कळणार नाही."

"कुणालाच कळणार नाही हे मला तुम्ही यायच्या आधीही माहीत होतं, बाई. केंद्रवाल्यांनी तेच सांगितलं, हॉस्पिटलवाल्यांनीही तेच. फक्त तुम्ही सांगते म्हणालात." ती चिडून बोलत नव्हती. सामान आणून देतो म्हणालेल्या शेजाऱ्याला आठवण द्यावी, तसा तिचा स्वर होता. "मला घाई नाही. पण तुम्ही मला उत्तर दिलं, असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू," मावशी म्हणाली.

ती जिना उतरू लागली तेव्हा पत्नी वरून म्हणाली, "अंधार आहे, भिंतीला धरून उतरा." मावशी भिंतीला धरून उतरली.

त्यानंतर मावशीने दोन कामे केली. वैध फायलीही काही काळ ठेवाव्यात, असा अर्ज तिने कंपनीला दिला. साठवण आणि खाजगीपणा या दोन्ही कारणांनी तो विचाराधीन आहे. मदतकक्षात 'बघून सांगते' म्हणणे तिने सोडले. आता ती 'बघते' एवढेच म्हणते. नव्या सहकाऱ्यांना हा तिचा तुटकपणा वाटतो. वैधसाहेब एकदा तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, क्रमाबद्दल आराखड्यात एक ओळ घालू या का? कोणती मात्रा ताजी ते सांगणारी." तिने मान डोलावली. ती ओळ घातली गेली. वरच्या मजल्यावरची परिचारिका अधूनमधून फोन करते आणि सांगते की तिला काही आठवले नाही. मावशी तिला म्हणते की आठवण्यासाठी डोक्याला ताण देऊ नकोस, आणि फोन ठेवल्यावर स्वतः तेच करीत बसते: एक हात, दोन बटणे, वर की खाली.

बावीस रुग्णांचे औषध चालू आहे. प्रत्येक मात्रेवर तारीख येते. तेविसाव्याच्या पत्नीला द्यायचे उत्तर दिलेले नाही.